चिंचवडचं मंदिर गणपतीचं, मग नाव मोरया गोसावींचं का?

पिंपरी-चिंचवड म्हटलं की कारखाने, शिफ्टच्या बस आणि हायवेचं ट्रॅफिक आठवतं. पण चिंचवडगावात पवनेच्या काठावर एक जुनं दगडी मंदिर आहे. तिथे गणपतीची पूजा होते, तरी रिक्षावाल्याला ‘मोरया गोसावी मंदिर’ असंच सांगावं लागतं. कारण हे मंदिर मोरया गोसावींच्या समाधीवर उभं आहे.

मोरया गोसावी हे गाणपत्य संप्रदायातले मोठे संत. मोरगावच्या मयूरेश्वराचे ते भक्त. कऱ्हा नदीत त्यांना गणपतीची मूर्ती मिळाली आणि ती त्यांनी चिंचवडला आणली, अशी कथा आहे. ही मूर्ती समाधी मंदिरात नाही, ती जवळच्या मंगलमूर्ती वाड्यात असते. तिची पालखी आजही भाद्रपद आणि माघ महिन्यात मोरगावला जाते. ‘गणपती बाप्पा मोरया’मधला मोरया म्हणजे हेच, असं मानलं जातं.

खरी गंमत तारखांची आहे. परंपरेनुसार मोरया गोसावींनी शके १४८३ म्हणजे इ.स. १५६१ मध्ये मार्गशीर्ष वद्य षष्ठीला संजीवन समाधी घेतली. मंदिरातला शिलालेख मात्र बांधकाम शके १५८० मध्ये, म्हणजे १६५८ साली, सुरू झाल्याचं सांगतो. मंदिर त्यांचे पुत्र चिंतामणी महाराजांनी बांधलं असं म्हणतात. वडिलांच्या समाधीनंतर ९७ वर्षांनी मुलाने मंदिर बांधायला घेतलं, हा हिशेब जुळवणं अवघड आहे. म्हणूनच अभ्यासकांमध्ये मोरया गोसावींच्या काळावरून मतभेद आहेत आणि चौदाव्यापासून सतराव्या शतकापर्यंतचे अंदाज मांडले गेलेत. मंदिराच्या नावावरून संताचा काळ ठरत नाही. त्याची आठवण कुणी जपली, एवढंच त्यातून कळतं.

हा पेच फक्त चिंचवडचा नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये शेकडो गावांची नावं ‘लान’ने सुरू होतात. लान म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा, पुढे त्याचा अर्थ चर्च असा झाला. लानडिडनो म्हणजे टुडनो या संताचं चर्च, लानबेरिस म्हणजे पेरिसचं. यातल्या बहुतेकांना पोपने संत ठरवलेलं नव्हतं, स्थानिक लोकच त्यांना संत म्हणायचे. ज्या गावात संताच्या नावाचं चर्च, तिथे तो स्वतः येऊन गेला असणार, असं पूर्वी अभ्यासक गृहीत धरत. पण भक्त स्थलांतर करतात, मठ मोठे होतात आणि संताचं नाव त्याच्या मागून नव्या गावात पोचतं. वेल्सचा सर्वात मोठा संत डेव्हिड सहाव्या शतकातला, तर त्याचं पहिलं चरित्र अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेलं.

चाकणच्या वाटेवरच्या आळंदीचं उदाहरणही बोलकं आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, त्याआधीपासून तिथे सिद्धेश्वराचं मंदिर होतं. ते आजही समाधीशेजारीच आहे, पण गावाची ओळख माउलींची झाली. सरकारी कागदांवर तिचं नाव ‘आळंदी देवाची’. कारण हवेली तालुक्यात दुसरीही आळंदी आहे, आणि ती ‘म्हातोबाची’.