बरा झालेला माणूस पगारपत्रकावर कधी येणार?

मानसिक आजारातून सावरलेल्या माणसानं दुसऱ्या आजारी माणसाला हात द्यायचा, याला हल्ली ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. परिषदांमधून हा शब्द असा फिरतो, जणू कालच कुणीतरी शोध लावलाय. म्हणून थोडा इतिहास लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात पॅरिसपासून. तिथल्या बिसेत्र रुग्णालयात ज्यां-बाप्तिस्त प्यूसँ नावाचा एक माणूस गंडमाळेवर उपचार घ्यायला आला. धंदा कातडी कमावण्याचा. बरा झाला आणि तिथेच नोकरीला लागला. १७८०च्या दशकात तो मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. त्यानं एक साधी गोष्ट केली. सेवक म्हणून शक्यतो बरे झालेले किंवा बरे होत आलेले रुग्णच घेतले. कारण सरळ होतं, ज्यानं स्वतः ती खोली भोगलीय तो दुसऱ्यावर हात उगारत नाही. १७९३ मध्ये डॉ. फिलिप पिनेल तिथे आले आणि हे सगळं बघून शिकले. साखळ्या तोडण्याचं श्रेय इतिहासानं पिनेलना दिलं. पण बिसेत्रमध्ये १७९७ साली साखळ्या काढल्या त्या प्यूसँनं.

दुसरा टप्पा १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन शहर. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन, दोघंही दारूनं पार खचलेले. दोघं एकमेकांशी बोलले आणि त्या बोलण्यानं ते साधलं जे उपदेशानं साधलं नव्हतं. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. भारतात ते १९५७ मध्ये आलं. आज आपल्याकडेही शाळेच्या नाहीतर चर्चच्या एखाद्या खोलीत संध्याकाळी त्यांच्या मीटिंगा भरतात. फी नाही, आडनावही कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात या विचाराला घर मिळालं ते पुण्यात. डॉ. अनिल अवचट यांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. सुनंदा अवचट यांनी ते उभं केलं. तिथलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेकांना त्यांनी तिथेच कामाला घेतलं. नव्यानं दाखल झालेला माणूस थापा मारायला लागला की समोरचा हसतो. कारण त्याच थापा त्यानंही मारलेल्या असतात!

व्यसनापुरतं हे समाजानं मान्य केलं. पण स्किझोफ्रेनिया? तिथे घरचेच दार लावून घेत. हे दार उघडायचं काम केलं डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया असल्यानं घरातला अनुभव होताच. पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली आणि स्वमदत गट सुरू झाले. २००४ चा ‘देवराई’ सिनेमाही त्यांच्याच पाठबळानं निघाला. याच चळवळींमधून ‘रुग्ण’ऐवजी ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द मराठीत रुळले.

एका नातेवाइकाबरोबर मी अशा एका गटात काही महिने बसलोय. तिथे मोठमोठं काही बोललं जात नाही. गोळ्यांनी वजन वाढतं त्याचं काय करायचं, सकाळी डोळे उघडत नाहीत तर कामाची वेळ कशी गाठायची, मुलाखतीत ‘मधली दोन वर्षं काय करत होतात’ याला काय उत्तर द्यायचं. गोळ्या बंद करू नका, हे डॉक्टरांनी कितीदा तरी सांगितलं होतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस फक्त एवढंच म्हणाला, “मी दोनदा बंद केल्या, दोन्ही वेळा ॲडमिट झालो.” ते मात्र पोचलं.

म्हणजे डॉक्टर नकोत का? अजिबात नाही. तीव्र आजारात, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला तज्ज्ञच हवा, तोही ताबडतोब. आणि मदत करणाराही माणूसच आहे, त्याचाही आजार उलटू शकतो. म्हणून त्याला प्रशिक्षण हवं, रजा हवी, वर विचारायला कुणीतरी हवं. थोडक्यात, नोकरी हवी. अमेरिकेत जॉर्जिया राज्यानं १९९९ मध्येच या कामाचे पैसे मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी हे ‘सेवाभावी’ आहे, म्हणजे फुकट. आधीच नोकरी गमावलेल्या माणसाकडून आपण फुकट काम घेतो आणि वर त्याचं कौतुक करतो.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. राज्य प्राधिकरणात आजार अनुभवलेल्यांच्या प्रतिनिधींना त्यानं जागा दिलीय. रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळातही दोन जागा आहेत. पण तिथे एक ‘किंवा’ आहे: आजार असलेली व्यक्ती, किंवा काळजीवाहक, किंवा संस्थेचा प्रतिनिधी. या ‘किंवा’तून शुभार्थी अलगद बाहेर राहू शकतो.

तेव्हा दोन गोष्टी मागूया. आपल्या भागाच्या मंडळात त्या दोन जागांवर कोण बसलंय, हे माहितीच्या अधिकारात विचारूया. आणि ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत सावरलेल्या माणसांसाठी पगारी पदं निर्माण करा, हा आग्रह आपापल्या आमदाराकडे धरूया. प्यूसँनं हे सव्वादोनशे वर्षांपूर्वी केलं होतं, तेही सरकारी रुग्णालयातच.