स्वतंत्र पक्ष : उदय, अस्त आणि आपला कुलाबा



राजकीय पक्षांचा इतिहास आपण बहुधा जिंकणाऱ्यांच्या अंगाने वाचतो. जो पक्ष पंधरा वर्षे जगला आणि मग दुसऱ्यात विरून गेला, त्याच्याकडे मागे वळून कोण पाहणार? परंतु हरलेल्या पक्षाचा प्रश्न त्याच्याबरोबर हरतोच असे नाही. स्वतंत्र पक्षाची कथा आज मांडावयाची ती ह्यासाठी. शेतकऱ्याच्या मालकीचे रक्षण करण्यासाठी निघालेला हा पक्ष आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यापर्यंत का पोचला नाही, हे ह्या किनाऱ्यावर बसून पाहिले तर अधिक स्वच्छ दिसते.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. जमिनी एकत्र करून कसावयाच्या, हे भावी शेतीचे चित्र ठरले. ह्या ठरावाने अनेक जुने काँग्रेसजन अस्वस्थ झाले. त्यांच्यात अग्रणी होते चक्रवर्ती राजगोपालाचारी, वयाची ऐंशी वर्षे उलटलेले, स्वतंत्र भारताचे पहिले व अखेरचे भारतीय गव्हर्नर जनरल. ४ जून १९५९ रोजी मद्रासला नव्या पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याची पहिली परिषद भरली. आंध्रचे शेतकरी नेते प्राध्यापक रंगा अध्यक्ष झाले. एके काळी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत असलेले मिनू मसानी सरचिटणीस झाले. कन्हैयालाल मुनशी हेही त्यांना येऊन मिळाले.

ह्या पक्षाला उजवा म्हणत, पुराणमतवादीही म्हणत. परंतु त्याचे जुनेपण धर्माचे नव्हते. सरकारचा हात कोठवर जावा, हा त्याचा प्रश्न होता. परवाना, परमिट आणि कोटा ह्यांच्या राज्याला राजाजींनी दिलेले नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. पक्षाने आपली एकवीस तत्त्वे जाहीर केली, आणि त्यांच्या बाहेरील बाबतींत सभासदाने स्वतःच्या बुद्धीने मत द्यावे अशी मोकळीक ठेवली. अशी मोकळीक देणारा पक्ष आपल्याकडे विरळाच.

उदय झपाट्याने झाला. १९६२ च्या निवडणुकीत लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या, तर १९६७ मध्ये ४४ मिळून हा लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष बनला. गुजरातच्या विधानसभेत त्याचे ६६ आमदार होते, राजस्थानात ४८ आणि ओरिसात ४९. ओरिसात तर राजेंद्र नारायण सिंह देव हे त्याचे मुख्यमंत्री झाले. पण ही मते कोणाची होती? ओरिसात गणतंत्र परिषद हा संस्थानिकांचा पक्ष स्वतंत्रमध्ये विलीन झाला होता आणि सिंह देव हे स्वतः पाटण्याच्या संस्थानचे राजे होते. राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी प्रचंड बहुमताने निवडून आल्या. बिहारात रामगढचे राजे आपला सारा गट घेऊन आले आणि थोड्याच वर्षांत तो घेऊन निघूनही गेले. गुजरातेत पाटीदार शेतकऱ्यांचा भरीव आधार होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही एकंदरीत विचार राजाजी व मसानींचा आणि मतपेटी राजेरजवाड्यांची, अशी ही जोडणी होती. विचाराने आलेला मतदार राहतो. राजाबरोबर आलेला मतदार राजाबरोबरच जातो.

महाराष्ट्रात मात्र विधानसभेच्या १९६२ आणि १९६७ च्या दोन्ही निवडणुकांत स्वतंत्र पक्षाला एकही जागा मिळाली नाही. पक्षाची परिषद मुंबईत भरली त्या वेळी मराठी मन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गुंतले होते. घाटावर सहकाराचा धसका शेतकऱ्याला बसणे शक्य नव्हते, कारण प्रवरानगरच्या साखर कारखान्याने सहकाराचा निराळाच नमुना त्याच्यापुढे ठेवला होता : ऊस ज्याच्या त्याच्या शेतातला, कारखाना मात्र सर्वांचा.

आपल्या कुलाब्याची गोष्ट ह्याहून खोल आहे. येथे जमिनीची मालकी म्हटली की कुळाच्या डोळ्यांपुढे खोत उभा राहत असे. पीक कुळाने काढावयाचे, खारबंदिस्ती त्याने राखावयाची आणि खळ्यावरून मोठा वाटा खोताने उचलावयाचा. ह्याच अलिबाग तालुक्यात, चरी येथे, नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत, सहा वर्षे, चालविला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला व त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला.

तारखांकडे पाहा. कूळ मालक झाला १९५७ मध्ये आणि मालकीच्या रक्षणाची हाक आली १९५९ मध्ये. वस्तुतः ही हाक ह्या नव्या मालकालाच सर्वांत आधी ऐकू यावयास हवी होती. पण मालकीचा पवित्र हक्क हे शब्द त्याने पूर्वी ऐकले होते ते समोरच्या पक्षाकडून, आणि त्याला जमीन मिळाली होती ती सरकारच्याच कायद्याने. सरकारचा हात आवरा असे त्याला सांगणे म्हणजे ज्या हाताने सातबारावर नाव चढविले तोच हात धरा असे सांगणे होते. त्याचा विश्वास लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षावर बसला होता.

तरी कुलाब्याचा एक थोर पुत्र ह्या कथेत आहे. महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले होते. १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री म्हणून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यांनीच केले आणि त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाने व जनसंघाने उमेदवार म्हणून निवडले ते ह्याच देशमुखांना. ते तिसरे आले व गिरी निवडून आले. राष्ट्रीयीकरणाला कडवा विरोध करणाऱ्या पक्षाला आपल्या पंक्तीत तोलामोलाचा उमेदवार मिळू नये, ह्यात त्या पक्षाचे दुबळेपण दिसते.

त्यानंतरचा अस्त फार लांबला नाही. जुलै १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७१ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष इतर विरोधकांबरोबर आघाडीत गेला. इंदिरा गांधींच्या 'गरिबी हटाव'पुढे ती आघाडी टिकली नाही. ४४ जागांच्या ८ झाल्या आणि मसानींचाही राजकोटला पराभव झाला. त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद झाले. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी निवर्तले. १९७४ साली पिलू मोदींच्या नेतृत्वाखाली पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात मिळाला. ह्यापुढचा विरोधाभास तर विलक्षण आहे. लोकदल पुढे जनता पक्षात गेले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला तो ह्याच जनता पक्षाच्या सरकारने!

मग स्वतंत्र पक्षाचा प्रश्न संपला काय? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले. सत्तरच्या दशकात नव्या मुंबईसाठी उरण-पनवेलकडील शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या. सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेते तेव्हा मोबदला कोण ठरविणार आणि तो अपुरा वाटला तर शेतकऱ्याने दाद कोठे मागावी? संसदेत स्वतंत्र पक्ष हेच विचारीत आला होता. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती ह्या लढ्यातून. लढ्याचे नेते होते दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे! मसानींचा प्रश्न लाल बावट्याखाली लढला गेला.

पुढे शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढताना राजाजींचा वारसा सांगितला. त्याआधी ते दीड दशक कांद्याच्या व कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर बसले होते. त्यांचाही पक्ष लहानच राहिला. परंतु शेतकऱ्याने त्यांना परके मानले नाही.

तात्पर्य इतकेच की सत्तेला कोणीतरी 'थांबा' म्हणणारा लोकशाहीत लागतो, आणि ते म्हणण्याचे धैर्य राजाजींच्या पक्षाने दाखविले, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पण ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्या बांधावर आधी जावे लागते. आज किहीम-मांडव्याच्या वाड्यांना मोठाले भाव येत आहेत. कुळाच्या नातवाच्या हाती असलेला हा सातबारा उद्या कोणाच्या नावावर असेल, हा प्रश्न पुन्हा उभा आहे. तो विचारणारा पक्ष कोणत्या रंगाचा आहे ह्यापेक्षा, तो विचारण्यासाठी तो येथवर चालत आला काय, हेच आपण पाहावे.