उद्दिष्ट कोणी वाचायचे?

पाठाचे टाचण काढताना उद्दिष्टांचा रकाना आपण नेमाने भरतो. तो वाचणारे दोघेच : आपण आणि तपासायला येणारे अधिकारी. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या विद्यार्थ्याला तो रकाना दिसतही नाही. वर्गात हे खपते, कारण तेथे आपण हजर असतो. शिक्षक समोर नसला, की पंचाईत होते. उद्दिष्टांच्या भाषेला या पंचाइतीनेच वळण दिलेले आहे.

१९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्टलेखनावर छोटे पुस्तक लिहिले. ते मुळात क्रमान्वित अध्ययनासाठी, म्हणजे विद्यार्थ्याने आपले आपण टप्प्याटप्प्याने शिकावे अशा साहित्यासाठी होते. 'समजणे', 'जाणणे' या क्रियापदांचे हवे तितके अर्थ लावता येतात, हा त्यांचा आक्षेप. 'लिहिणे' निदान डोळ्यांना दिसते!

भाषाशिक्षणात युरोप परिषदेने वेगळी वाट धरली. तिच्यासाठी यान व्हान एक यांनी १९७५ साली इंग्रजीचा 'थ्रेशोल्ड लेव्हल' हा आराखडा मांडला. परक्या भाषेत माणसाला काय काय करावे लागते – माहिती विचारणे, नकार देणे, माफी मागणे – येथून तो सुरू होत होता.

पण अशी विधाने ज्याला त्याला सारखीच कळतात का? १९९३ ते १९९६ या काळात स्वित्झर्लंडमध्ये ब्रायन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी हे शिक्षकांनाच विचारले. कार्यशाळांत शिक्षकांनी विधानांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या गटांत लावल्या, कोणती स्पष्ट आणि उपयोगी ते सांगितले. मग त्या विधानांवर आपले खरेखुरे विद्यार्थी जोखून पाहिले. जवळजवळ ३०० शिक्षक आणि सुमारे २,८०० विद्यार्थी या कामात होते. ज्यांचा अर्थ प्रत्येकाने निराळा लावला, ती विधाने गळाली. (आपल्याकडे एखाद्या केंद्रसंमेलनात हा खेळ करून पाहण्यासारखा आहे.) उरलेली विधाने २००१ च्या युरोपीय भाषा-चौकटीत आली.

त्याच सुमारास 'डायलँग' ही १४ भाषांची ऑनलाइन चाचणी तयार होत होती. पडद्यासमोर विद्यार्थी एकटाच. म्हणून चौकटीतले 'करू शकतो' येथे 'मी करू शकतो' झाले आणि शब्द सोपे केले गेले. विद्यार्थी आधी स्वतःला जोखतो, मग चाचणी देतो आणि दोन्हींची तुलना त्याला दाखवली जाते. बोलण्याची चाचणी मात्र तिच्यात नव्हती, ही उणीव मोठीच.

आपल्याकडे २०१७ साली आलेल्या अध्ययन निष्पत्ती विद्यार्थ्याविषयी आहेत. त्या वाचायच्या मात्र शिक्षकाने. ऑनलाइन पाठाला त्या जशाच्या तशा डकवून भागत नाही. 'मला विशेषणाची संकल्पना समजते' असे नुसते कर्ता बदलून लिहिले, तरी मेगर यांचा आक्षेप उरतोच. त्याऐवजी असे लिहून पाहू : 'माझी छत्री हरवली, तर अनोळखी माणसाला ती ओळखता येईल असे तिचे वर्णन मला चार ओळींत लिहिता येते.' ते जमले की नाही, हे घरातल्या कोणालाही वाचायला देऊन मुलाला स्वतःच ठरवता येईल.