विजरईचा अधिकारदंड व संत झेवियर
(इ. स. १६८३-८४)

छत्रपति संभाजीमहाराजांच्या गोव्यावरील स्वारीचें वर्णन करणारे बहुतेक लेखक एका प्रसंगाजवळ क्षणभर थबकतात आणि किंचित् हसून पुढें जातात. जुवें बेट हातचें गेल्यावर पोर्तुगीज विजरई फ्रांसिस्कु द ताव्होर, आल्व्होरचा काउंट, हा जुन्या गोव्यांतील बों जेझुसच्या इगर्जींत गेला. तेथील संत फ्रान्सिस झेवियर याची शवपेटी त्यानें उघडविली. आपला अधिकारदंड संतास अर्पण केला आणि राज्य सांभाळण्याविषयीं त्याची करुणा भाकली. पोर्तुगीज भाविक ह्यास चमत्काराचा आरंभ समजतात. आमच्याकडील लेखक त्यांत भेदरलेल्या माणसाची धांदल तेवढी पाहतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं मुद्द्याची गोष्ट सोडली आहे. एका सत्ताधाऱ्यानें एका संताशीं कोणतें नातें जोडलें, व तें त्यानें कितपत पाळलें, हें पाहण्याची सोय ह्या एकाच प्रसंगानें होते.

प्रथम घटनाक्रम. १६८३ च्या नोव्हेंबरांत विजरईनें फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला. किल्ला येसाजी कंक व त्याचा पुत्र कृष्णाजी यांनीं लढविला. त्यांच्या पराक्रमाची नोंद जेधे शकावलींतही आहे. महाराज स्वतः कुमक घेऊन आले तेव्हां फिरंग्यांस वेढा उठवून परत फिरावें लागलें. त्यानंतर ता. २४ नोव्हेंबरच्या रात्रीं ओहोटीची वेळ साधून मराठ्यांनीं जुवें बेटावरील किल्ला घेतला. हें बेट राजधानीच्या अगदीं उशाशीं. दुसऱ्या दिवशीं विजरई तें सोडविण्यास गेला, त्याच्या लोकांची दाणादाण उडाली, तो स्वतः जखमी झाला व कसाबसा जीव वांचवून शहरांत परतला. शवपेटी उघडली गेली ती ह्यानंतर.

मराठ्यांनीं जुवें लौकरच सोडलें. चमत्काराची कथा येथें संपते, इतिहास मात्र संपत नाहीं. डिसेंबरांत मराठ्यांच्या फौजा साष्टी व बारदेश ह्या दोन्ही प्रांतांत शिरल्या आणि गोव्यावरील संकट पूर्वीपेक्षां वाढलें. तें टळलें, त्याचें कारण घांटावर होतें. वर्षअखेरीच्या सुमारास औरंगजेबाचा पुत्र शहा आलम मोठ्या सैन्यानिशीं रामघांटाच्या मार्गानें कोंकणांत उतरूं लागला व महाराजांस पाठीमागचा शत्रु आधीं पाहणें भाग पडलें. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी त्या वेळीं गोव्यांत होता व विजरईचा वकील म्हणून त्यानें ये-जा केली. तहाचीं बोलणीं १६८४ च्या आरंभीं झालीं. शहा आलमाच्या सैन्याची अन्नावांचून पुढें जी दुर्दशा झाली ती सर्वश्रुत आहे. म्हणजे गोवें वांचलें तें मोंगलांच्या येण्यानें; आणि हे मोंगल कांहीं संताच्या आज्ञेनें आले नव्हते. तथापि घाबरलेल्या शहरास त्या दंडार्पणानें धीर आला असेल तर तेंही कारणच होय, व इतिहासकारानें तें हिशेबांत धरावें.

दुसरी गोष्ट पुराव्याची. दंड संताच्या ‘हातांत’ दिला असें पुष्कळ जण लिहितात. झेवियरचा अंत ता. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर झाला व त्याचें शव १५५४ च्या मार्चांत गोव्यास आलें. परंतु त्याचा उजवा हात कोपरापासून कापून १६१४ त रोमला पाठविण्यांत आला होता, आणि उरलेला भागही कांहीं वर्षांत इतर ठिकाणीं गेला. तेव्हां दंड उजव्या हातांत दिला जाणें शक्यच नव्हतें. डाव्या हाताशीं किंवा पायांशीं ठेवला असेल. आज यात्रेकरू जी संगमरवरी समाधि पाहतो तीही तेव्हां नव्हती. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें पाठविलेली ती समाधि १६९८ त उभारली गेली. १६३७ च्या सुमारास गोव्यांतच घडविलेली चांदीची पेटी मात्र होती, आणि विजरई वांकला तो तिच्यावर.

राजानें आपला अधिकार देवाच्या वा साधूच्या पायीं ठेवावा ही कल्पना आपणांस परकी नाहीं. समर्थांच्या झोळींत राज्यदानाची चिठ्ठी टाकल्याची आख्यायिका आपण बाळपणापासून ऐकतों. तिची ऐतिहासिकता वादग्रस्त असली तरी लोकांस ती पटते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्यानें १७५० च्या जानेवारींत आपलें राज्य पद्मनाभस्वामीस अर्पण केलें, ही तर निःसंशय घटना आहे. ज्या महाराजांच्या भयानें विजरई संतापुढें वांकला त्यांची आजी जिजाबाई बुलढाणें जिल्ह्यांतील सिंदखेडच्या जाधवांची कन्या; आणि त्याच जाधवांच्या वंशाशीं जवळच्या देऊळगांव राजाच्या बालाजीचें देवस्थान निगडित आहे. सरदारानें दैवत पुढें करून आपण मागें उभें राहावें, ही रीत त्या प्रांतींच्या यात्रेकरूंस समजावून सांगावी लागत नाहीं. गोव्यांतही ती रूढ झाली. पुढें नवा अधिकारी रुजू होतांना संताच्या समाधीपाशीं जाऊन दंड स्वीकारीत असे, आणि ‘गोंयचो सायब’ हें संताचें लौकिक नांव ख्रिस्ती व हिंदु दोघांच्याही तोंडीं आहे.

परंतु रक्षणकर्ता आणि मार्गदर्शक हीं दोन नातीं निराळीं आहेत. शेगांवीं गजाननमहाराजांच्या समाधीपुढें कोणी नवस बोलतो, कोणी दासगणूंची पोथी घेऊन पारायणास बसतो. पहिल्यास कांहीं हवें असतें, दुसऱ्यास कसें वागावें हें विचारावयाचें असतें. पुष्कळ वेळां तीं दोन्ही माणसें एकच असतात. विजरईनें झेवियरशीं पहिलें नातें मनापासून जोडलें, ह्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. दुसरें जोडलें काय?

झेवियर ता. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला तेव्हां राजवाडा सोडून तो इस्पितळांत रोग्यांपाशीं राहिला, आणि हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून पोरें जमवीत हिंडला. पुढें दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत गेल्यावर त्यानें दुभाष्यांच्या मदतीनें प्रार्थना तामिळींत उतरवून घेतल्या, त्या स्वतः पाठ केल्या व त्यांच्याच भाषेंत त्यांस म्हणून दाखविल्या. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाबद्दल त्यानें राजास स्पष्ट शब्दांत लिहिलें. त्याच्याच पंथाच्या टॉमस स्टीफन्सनें १६१६ त मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण प्रसिद्ध केलें, तें लोकभाषेच्या ह्याच वाटेनें जाऊन. येथें एक कडू गोष्टही नमूद केली पाहिजे. गोव्यांत धर्मन्यायासन स्थापावें अशी मागणी झेवियरनेंच १५४६ त राजाकडे केली होती. तें १५६० त आलें आणि गोमंतकीयांनीं त्याचे चटके अडीचशें वर्षें सोसले. संताच्या चरित्रांत वाट दाखविणारा दिवा आहे, तसा हा विस्तवही आहे. भक्तानें त्यांतून काय उचलावयाचें हें भक्ताच्या हातीं राहतें.

आल्व्होरनें काय उचललें, तें त्याच्या दफ्तरांत आहे. दंड अर्पण करून सात महिने होतात न होतात तोंच, ता. २७ जून १६८४ रोजीं, त्यानें हुकूम काढला कीं, प्रजेनें आपली देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज भाषा अंगीकारावी. ज्या संतानें कोळ्यांच्या पोरांची बोली घोकली, त्याच्या पेटीवर नोव्हेंबरांत अश्रु ढाळणाऱ्या हातानेंच जूनमध्यें ह्या हुकुमावर सही केली. येथें ढोंग आहे असें आम्ही म्हणत नाहीं. भय खरें होतें, श्रद्धाही खरी होती. परंतु त्यानें संतास राज्याचा पहारेकरी नेमलें, आणि पहारेकऱ्यास कोणी सल्ला विचारीत नाहीं.

हुकुमाची तीन वर्षांची मुदत भरण्यापूर्वींच, १६८६ त, आल्व्होरची कारकीर्द संपली. गोव्यांतील लोक आपल्या भाषेंत बोलतच राहिले. क्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नाहींशा झाल्या, तरी गोव्याबाहेर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित पोथ्या जपल्या व पिढ्यान् पिढ्या वाचल्या. त्या पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो ग्रंथ पुन्हां छापला.