हलत्या दाताखालचं हाड

लेबननमधल्या सैदा शहराजवळ, म्हणजे प्राचीन सिदोनच्या परिसरात, फिनिशियन काळातला एक खालचा जबडा मिळाला. त्याच्या पुढच्या दातांभोवती सोन्याची बारीक तार विणलेली आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कुणा कुशल हाताने हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना बांधून टाकले होते. काम फार सुबक आहे. पण दातांखालचं हाड झिजलं होतं, आणि ते काही तारेने भरून येणार नव्हतं.

दुधाचा दात हलतो तो त्याचं मूळ विरघळत जातं म्हणून. मोठ्या माणसाचा दात हिरडीच्या रोगाने हलू लागतो तेव्हा मूळ बहुधा शाबूत असतं, आधार सुटलेला असतो. हिरडीच्या कडेला जंतूंचा थर साचतो आणि लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं किटण बनतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते. मग शरीर जंतूंशी जी झुंज देतं, तिच्यातच दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड यांचा बळी जातो. दुखत मात्र नाही, आणि घात होतो तो इथेच.

सुश्रुतसंहितेत ‘दंतवेष्ट’ या रोगाचं वर्णन आहे: हिरड्यांतून रक्त-पू येतो, दात हलू लागतात. दातांवरची शर्करा, म्हणजे किटण, दंतमुळांना इजा न करता काढावं, असंही त्यात सांगितलं आहे. ही सूचना आजच्या दवाखान्यातही तंतोतंत लागू पडते.

अमेरिकेत हार्टफर्डच्या दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी एकोणिसाव्या शतकात याच कामाचा आग्रह धरला. 11 डिसेंबर 1844 रोजी भूल म्हणून नायट्रस ऑक्साइड हुंगलेल्या दंतवैद्य होरेस वेल्स यांची दाढ काढणारे ते हेच रिग्ज. दात उपटल्यामुळे आठवल्या जाणाऱ्या या माणसाने पुढे दात वाचवण्याचा ध्यास घेतला, हे विशेष. हिरडी कापू नका, तिच्याखालचं किटण खरवडून काढा, असं ते सांगत. कित्येक वर्षं हा आजार ‘रिग्जचा रोग’ म्हणूनच ओळखला जाई.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र वारं फिरलं. तोंडातला पू सगळ्या शरीराला रोगी करतो, असं ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी 1910 मध्ये मॉन्ट्रिअलच्या व्याख्यानात ठासून सांगितलं. त्यानंतरच्या काही दशकांत वाचवता आले असते असे असंख्य दात उपटले गेले.

जंतूंच्या थरामुळेच हिरड्या सुजतात याचा ठोस पुरावा मिळाला तो 1965 मध्ये, डेन्मार्कमधल्या आरहूसला. दंतसंशोधक हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागताच बऱ्या झाल्या. त्यानंतर ल्यो यांनी श्रीलंकेतल्या 480 चहामळा कामगारांवर 1970 पासून 15 वर्षं लक्ष ठेवलं. ब्रश करण्याची सवय त्यांच्यात नव्हती, किटण सगळ्यांच्याच दातांवर होतं. तरी सुमारे 8 टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा बेताने, आणि 11 टक्के हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलेच नाहीत. म्हणजे किटणाइतकाच शरीराच्या प्रतिसादाचाही यात वाटा आहे. मधुमेह आटोक्यात नसला किंवा तंबाखूची सवय असली, तर हाड लवकर जातं.

म्हणून घासताना रक्त येऊ लागलं, हिरडीतून पू आला, पुढच्या दातांत नव्या फटी दिसल्या किंवा चावताना दात पूर्वीसारखे जुळेनासे झाले, की दंतवैद्याकडे जावं. मार लागून दात हलला तर त्याच दिवशी. तपासणीत हिरडीच्या फटीची खोली मोजतात आणि क्ष-किरण चित्रात हाड पाहतात. वेळीच किटण काढलं, तर थोडा हलणारा दात पुन्हा घट्ट होऊ शकतो. गेलेलं हाड परत मिळवणं फार अवघड असतं.

महाराष्ट्रात अजूनही अनेक घरांत, विशेषतः बायका, भाजलेल्या तंबाखूची मशेरी हिरड्यांना लावतात. ठणका थांबतो, दात साफ होतात, हा त्यामागचा जुना विश्वास; पण हाड लवकर घालवणारी तंबाखू तीच. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तर हिरडीतून रक्त येणं कमी होतं. धोक्याची पहिली खूणच दिसत नाही, आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत दात बोटाने हलू लागलेला असतो.