सुरुंगाची चाहूल आणि फितुरीची हाकाटी

घरच्या मंडळींना माझं काम समजावून सांगणं हा एक कायमचा प्रश्न आहे. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर मावशीचं समाधान होतं, नगरच्या मामांचं होत नाही. (जिल्ह्याचं सरकारी नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात अजून नगरच!) सध्या ऑफिसच्या क्लस्टरवर फाल्को नावाचा राखणदार बसवणं चालू आहे. हे मामांना सांगायचं तर त्यांच्या गावच्या किल्ल्यावरूनच सांगायला हवं.

साल १५९५. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि डिसेंबरात नगरच्या किल्ल्याला वेढा पडला. तट दगडी, भोवती खंदक. आत मात्र गादीवरून सरदारांची भांडणं आणि सगळा भार चांदबिबीवर. मोगलांनी तटाखालून सुरुंग खणायला घेतले. तटावर उभा असलेला पहारेकरी दूरवरचा घोडेस्वार बघेल, पायाखालचा सुरुंग त्याला कसा दिसणार? मोगलांच्या छावणीतल्याच एका माणसाने किल्ल्यात खबर पोचवली. आतल्या लोकांनी खणून दोन सुरुंग शोधले आणि त्यातली दारू काढून टाकली. तिसऱ्यावर काम चालू असतानाच तो उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. तेव्हा चांदबिबी चिलखत घालून, हातात तलवार घेऊन स्वतः खिंडारात उभी राहिली, असं फेरिश्ता सांगतो. रातोरात खिंडार भरून निघालं. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला, पण नगर वाचलं.

आता आमचा किल्ला. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान यांचं एक बांधलेलं गाठोडं. अशी अनेक गाठोडी एका मशीनवर सुखाने नांदतात, जशी वाड्यात बिऱ्हाडं. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही पद्धत घरोघर पोचली. २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटिस खुलं केलं, आणि अनेक मशीन्सवरची हजारो बिऱ्हाडं एकत्र सांभाळता येऊ लागली. अशा मशीन्सचा समूह म्हणजे क्लस्टर. पण वाड्यातला आड एकच असतो ना, तसा एका मशीनवरच्या सगळ्या कंटेनरांचा कर्नेल एकच. आडात कोणी काही कालवलं तर सगळी बिऱ्हाडं धोक्यात.

आम्ही दरवाज्यावर तपासणी करतोच. आत येणाऱ्या गाठोड्यात जुना, सदोष माल नाही ना, एवढं ती सांगते. गाठोडं आत आल्यावर काय करतं, ते तिला दिसत नाही. २०१८ मध्ये उघडकीला आलं की टेस्ला कंपनीच्या कुबरनेटिसच्या एका पॅनेलला पासवर्डच नव्हता. चोर आत शिरले आणि कंपनीच्या मशीन्सवर गुपचूप क्रिप्टोचलन काढत बसले.

फाल्को म्हणजे ससाणा. सिसडिग या कंपनीने २०१६ मध्ये तो खुला केला. कुठलाही प्रोग्रॅम फाईल उघडो की नेटवर्कवर बोलो, त्याला कर्नेलला हाक मारावीच लागते. तिला सिस्टिम कॉल म्हणतात. फाल्को या हाका ऐकत बसतो. हेरोडोटसने बार्का शहराच्या वेढ्याची एक गोष्ट लिहिली आहे. तिथल्या एका लोहाराने काशाची ढाल जमिनीला लावत लावत गावभर फिरून खालचा सुरुंग शोधला होता. जिथे खणणं चालू होतं तिथे ढाल घणघणायची. आमच्या ससाण्याचं कामही थोडंफार तसंच!

बसवणं तसं सोपं. हेल्म नावाच्या साधनाने एक आज्ञा द्यायची, की क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर एकेक राखणदार जाऊन बसतो. नवीन मशीन जोडलं तर तिथेही आपोआप. खरं काम पुढे सुरू होतं. कंटेनरात कोणी शेल उघडलं की तो ओरडतो, पासवर्डची फाईल वाचली की ओरडतो. पण रात्रीची देखभाल करणारा आमचाच माणूसही शेल उघडतोच की!

इथे नगरच्या गोष्टीचा दुसरा भाग आठवतो. १६०० मध्ये शहजादा दानियालचा वेढा पडला. किल्ला टिकत नाही हे दिसल्यावर, लहानग्या बहादूरशहाचा जीव वाचवून किल्ला सोपवावा, अशी बोलणी करण्याचा चांदबिबीचा विचार होता. हमीदखानाने बाहेर येऊन हाकाटी केली, की ती मोगलांना फितूर झाली. जमाव आत घुसला आणि त्याने तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरशहा कैद होऊन ग्वाल्हेरला गेला.

पहिली हाक बाहेरून आली, दुसरी आतून उठली. पहिल्या वेळी लोकांनी खणून खात्री केली, दुसऱ्या वेळी थेट तलवार चालवली.

फाल्को स्वतः फक्त हाक मारतो. पण दुसरं साधन जोडून संशयित कंटेनर आपोआप ठार करण्याची सोय करता येते, आणि कामाच्या गडबडीत तिचा मोह फार होतो. आम्ही सध्या ती बंदच ठेवली आहे. रोज सकाळी आदल्या रात्रीच्या हाका वाचायच्या, आपली माणसं कोण ते नियमांत लिहायचं, उरलेल्यांच्या मागे लागायचं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण संशय येणं आणि गुन्हा सिद्ध होणं यांत जे अंतर असतं, ते कोणीतरी जागं राहून चालावंच लागतं.

मामा, मी पगार घेतो तो याचा!