ब्राँकायटिस: या नावाचा अर्थ काय?

खोकला हटेना म्हणून दवाखान्यात गेलं की चिठ्ठीवर कधी कधी ‘ब्राँकायटिस’ असं लिहिलेलं असतं. हा शब्द आला कुठून, ते आज आम्ही सांगणार आहोत.

ग्रीक भाषेत ‘ब्रोंखोस’ म्हणजे श्वासनलिका. ‘आयटिस’ हा शेपटासारखा जोडलेला तुकडाही ग्रीकच. त्याचा मूळ अर्थ ‘अमक्या अवयवाचा’ एवढाच. पुढे डॉक्टरांनी तो ‘सूज’ या अर्थी पक्का केला. म्हणजे छातीतल्या श्वासनळ्यांना आतून आलेली सूज. मराठी पुस्तकांत तिला ‘श्वासनलिकादाह’ म्हणतात.

पूर्वी युरोपात अशा कफाच्या दुखण्याला ग्रीकवरूनच आलेलं, ‘खाली वाहणं’ अशा अर्थाचं नाव होतं. कफ मेंदूतून खाली ओघळतो, अशी जुनी समजूत होती. १८०८ साली चार्ल्स बॅडम या इंग्रज डॉक्टरांनी या आजारावर पुस्तक लिहिलं. त्यांनी तो न्यूमोनियापासून वेगळा ओळखला आणि ‘ब्राँकायटिस’ हे नाव वापरात आणलं. दुखणं कुठे आहे, ते आता नावातच आलं.

पण ते कशामुळे झालं, हे नाव सांगत नाही. चार दिवसांचा ब्राँकायटिस बहुधा सर्दीच्या विषाणूंमुळे होतो. जुनाट होतो तो बहुतेकदा धुरामुळे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर कोळशाचा धूर धुक्यात अडकून पाच दिवस साचून राहिला. हजारो माणसं दगावली, त्यांत ब्राँकायटिसचे रुग्ण पुष्कळ होते. घरोघरच्या शेगड्यांचा धूरही त्यात होता. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

आपल्याकडे हा धूर चुलीचा. विडी न ओढणाऱ्या बाईलाही त्यानं जुनाट ब्राँकायटिस होतो. सलग २ वर्षं, दर वर्षी निदान ३ महिने बेडक्यासह खोकला राहिला, तर डॉक्टर तशी शंका घेतात.

“विडी-सिगारेट ओढता का?” असं डॉक्टर विचारतात. आपण “नाही” म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तसं होऊ देऊ नका. किती वर्षं चुलीपुढे बसता, दिवसाचे किती तास, घरात धुराला वाट आहे की नाही, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीच्या खोकल्याची आणि चुलीची चौकशी जरूर करा.